दुर्बिणीचे एक टोक सांगलीकडे हवे

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेच्या पाण्यावर एखादी लाट तिरकी येत आहे अशी कल्पना करा. ती एका खांबाला आधी भिडेल, दुसऱ्याला थोडी नंतर. या दोन वेळांतील फरक मोजला, तर लाट कोणत्या दिशेने आली ते सांगता येईल. खांब जितके दूर, तितका हा फरक मोठा आणि दिशाही तितकी नेमकी. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या बाबतीत ज्योतिर्विद हेच करतात. खांबांच्या जागी अँटेना असतात. दोन अँटेनांमधल्या अंतराला आधाररेषा म्हणतात आणि या पद्धतीला व्यतिकरणमापन.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओदुर्बीण याच तत्त्वावर चालते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि सर्वांत लांबची आधाररेषा सुमारे २५ किलोमीटर! तरंगलांबीला आधाररेषेने भागले की किती बारीक तपशील दिसेल ते कळते. ५० सेंटिमीटरच्या लहरींसाठी उत्तर येते सुमारे ४ विकला. (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.) अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सव्वा किलोमीटरवर ठेवले तर ते एवढेच दिसेल.

हे थोडे नव्हे. परंतु दूरच्या कित्येक दीर्घिका एवढ्या नजरेला नुसता ठिपकाच दिसतात. त्यांचे केंद्र कोणते आणि त्यातून उसळणारे झोत कोणते, हे वेगळे करता येत नाही. म्हणून माझे मत असे, की ही आधाररेषा आता दक्षिणेकडे वाढवावी. नकाशा उघडा. सातारा खोडदच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे १५५ किलोमीटरवर आहे. सांगली सुमारे २५५ किलोमीटरवर. आधाररेषा दहापट झाली की ४ विकलांच्या जागी ०.४. तेच नाणे आता सांगलीहून मिरजेच्याही पलीकडे नेऊन ठेवा! मात्र सांगलीला एकच अँटेना उभारून भागणार नाही. लहान, मध्यम, मोठ्या अशा अनेक आधाररेषा असल्या तरच चित्र खरे उमटते. तेव्हा साताऱ्याकडेही दोन-तीन ठाणी लागतील.

एवढ्या अंतरावरचे संकेत जुळवायचे कसे? ते कोडे १९६७ मध्येच सुटले. कॅनडात ३००० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या दोन दुर्बिणींनी अणुघड्याळांच्या साहाय्याने संकेत फितींवर नोंदवले आणि नंतर ते एकत्र केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे चित्र याच रीतीने, पृथ्वीभर पसरलेल्या दुर्बिणींतून मिळाले. आता फितींऐवजी प्रकाशतंतूही वापरता येतात.

कोणी म्हणेल, भारत स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सहभागी आहेच, त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर झालेले आहेत, मग हे कशाला? पण त्या प्रकल्पाचे मीटरलहरींचे जाळे पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे, त्याची आधाररेषा सुमारे ७४ किलोमीटर, आणि उत्तर आकाशाचा मोठा भाग तेथून दिसतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मीटरलहरींना आयनांबर वेडेवाकडे वळवते, आणि दूरदूरच्या ठाण्यांवरचे आयनांबर सारखे नसते. तरीही युरोपातील लोफार या दुर्बिणीने २ मीटर लहरींवर ०.३ विकलांपर्यंत मजल मारली आहे. काम किचकट खरे, पण अशक्य नाही.

मला खरी चिंता गोंगाटाची वाटते. डोंगरांचा आडोसा आणि शहरांपासून दूरची जागा म्हणून खोडद निवडले गेले. आपल्याकडे चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. त्यांतील विद्युत उपकरणेही रेडिओगोंगाट करू शकतात. मोबाइलचे मनोरे तर सर्वत्र. दूरच्या दोन ठाण्यांचा स्थानिक गोंगाट वेगवेगळा असल्याने संकेत जुळवताना तो बराचसा गळून पडतो, पण ग्राहकयंत्रच बधिर झाले तर काय जुळवणार?

म्हणून पहिले काम फारसे खर्चाचे नाही. माण, आटपाडी, जत या विरळ वस्तीच्या तालुक्यांत साधी अँटेना व ग्राहकयंत्र घेऊन वर्षभर रेडिओगोंगाट मोजावा, रात्रीचा वेगळा, दिवसाचा वेगळा. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना हे सहज जमेल. शांत जागा सापडली, तर तिच्या शेजारी मनोरा उभा राहण्यापूर्वी ती राखून ठेवायला हवी.