पहिला गुरू, पण बेवारस

वैद्यकीय शिक्षणाच्या विस्ताराविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती जवळजवळ सर्वस्वी आकड्यांची असते. केंद्र सरकारने वेळोवेळी दिलेल्या माहितीनुसार २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ संपताना महाविद्यालयांची संख्या ७८० वर आणि जागांची संख्या १ लाख १८ हजारांच्या घरात पोहोचली. त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी पुढील पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागांची घोषणा केली. त्यात पदव्युत्तर जागाही आहेत. इमारती कुठे उभ्या राहतील, खाटा किती लागतील, प्राध्यापक कुठून येतील, यावर थोडेफार बोलले जाते. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ज्याच्या आधारे शरीररचनाशास्त्र शिकायचे असते, तो मानवी देह कुठून येणार, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

दहा विद्यार्थ्यांमागे एक देह हे विच्छेदनासाठी चांगले मानले गेलेले प्रमाण आहे. ते पाळायचे म्हटले तर आजच्याच जागांसाठी दरवर्षी जवळपास १२ हजार देह हवेत. ही गरज भागवण्याची आपली व्यवस्था काय आहे? उत्तर ऐकायला अप्रिय आहे. ती व्यवस्था मुख्यतः गरिबांच्या, एकाकी माणसांच्या आणि स्थलांतरितांच्या मृत्यूवर उभी आहे.

मी बंगळुरूच्या हेब्बाळ भागाचे उदाहरण घेतो. विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता इथूनच जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मोठी खासगी रुग्णालये आहेत. पश्चिमेला थोड्या अंतरावर एक नामांकित खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पूर्वेला दुसरे. उड्डाणपुलाच्या परिसरात बांधकामावर राबणारी माणसे यादगीर-रायचूरहून आलेली असतात, तशी ओडिशा आणि बिहारमधूनही. यांतला एखादा मजूर आजारी पडून सरकारी रुग्णालयात दाखल झाला आणि तिथेच वारला, तर गावाकडच्या माणसांना बातमी कळेपर्यंत किती दिवस जातील, ते सांगता येत नाही. कायदा मात्र थांबत नाही. अनेक राज्यांत नातेवाइकांनी दावा करण्याची मुदत ४८ तासांची आहे. ती उलटली की मृतदेह ‘बेवारस’ ठरतो आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे सुपूर्द करता येतो. (रस्त्यावर संशयास्पद स्थितीत सापडलेल्या देहाची पोलीस उत्तरीय तपासणी करवतात, त्यानंतर तो विच्छेदनाच्या उपयोगाचा फारसा राहत नाही. म्हणून महाविद्यालयांना उपयोगी पडतो तो बहुधा रुग्णालयात निमूट मेलेला माणूस.)

कर्नाटकाचा यासंबंधीचा कायदा १९५७ चा आहे, महाराष्ट्राचा त्याहून जुना, १९४९ चा ‘बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट’. दोन्ही स्वातंत्र्योत्तर असले तरी त्यांचे कूळ इंग्रजी आहे. १८२८ मध्ये एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा जणांचे खून करून त्यांची प्रेते एका शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला विकल्याचे उघडकीस आले. त्या हाहाकारातून ब्रिटिश संसदेने १८३२ मध्ये ‘अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट’ संमत केला. प्रेतांचा काळाबाजार थांबवण्याचा त्याने शोधलेला उपाय म्हणजे अनाथालयांत व दरिद्री-गृहांत मरणाऱ्या, कोणीही न्यायला न आलेल्या माणसांचे देह शिक्षकांना देणे. विशेष म्हणजे त्याच वर्षी जून महिन्यात जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचा मृत्यू झाला होता आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेनुसार त्याच्या देहाचे जाहीर विच्छेदनही झाले होते. संमतीचा मार्ग डोळ्यांसमोर होता. संसदेने दुसरा मार्ग निवडला, कारण तो स्वस्त होता आणि ज्यांच्यावर तो लादायचा, त्यांना मताधिकार नव्हता. ब्रिटनने पुढे हे सारे बदलले. २००४ च्या ‘ह्यूमन टिश्यू अ‍ॅक्ट’नुसार विच्छेदनासाठी त्या व्यक्तीची स्वतःची हयातीतली लेखी संमती लागते, कुटुंबाचीही पुरत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१६ मध्ये बेवारस देह संमतीविना वापरण्यास मनाई केली. शरीररचनाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तर २०१२ मध्येच केवळ दान केलेले देह वापरावेत, अशी शिफारस केली होती. आपण वसाहतीच्या काळातील साच्यातच अडकलो आहोत.

आता यातील विसंगती पाहा. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात नीतिमूल्ये आणि संवाद यांचे स्वतंत्र घटक आहेत, आणि पहिल्या वर्षाच्या एका घटकाचे शीर्षकच ‘मृतदेह हा आपला पहिला गुरू’ अशा अर्थाचे आहे. विच्छेदन कक्षात पाऊल ठेवण्यापूर्वी विद्यार्थी हात जोडून शपथ घेतात, काही ठिकाणी देहावर फुले वाहतात. हा उपक्रम मला मनापासून आवडतो. पण ज्याला गुरू म्हणायचे, त्याला आपण विचारले होते का? अठरा वर्षांच्या मुलामुलींना पहिल्याच महिन्यात रुग्णाच्या संमतीचे महत्त्व शिकवायचे आणि ते शिकवताना टेबलावर असा माणूस ठेवायचा, ज्याने कधीही ‘हो’ म्हटलेले नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या पंडित परमानंद कटारा प्रकरणात सन्मानाचा हक्क मृतदेहापर्यंत पोहोचतो, असे म्हटले. २००२ च्या आश्रय अधिकार अभियान प्रकरणात बेघर मृताच्या धार्मिक श्रद्धेनुसार अंत्यसंस्काराचा हक्क मान्य केला. या दोन निकालांच्या उजेडात आपले शरीररचना कायदे कुणी तपासून पाहिलेले दिसत नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. बेवारस देह बंद केले तर विच्छेदन कक्ष रिकामे पडतील. अर्धवट शिकलेला डॉक्टर शेवटी सरकारी रुग्णालयातल्या गरिबावरच हात चालवेल. मग संगणकीय टेबले आहेत ना, असे म्हणणारेही आता पुष्कळ आहेत. भिंतीएवढ्या पडद्यावर त्रिमितीय शरीर फिरवता येते, एक थर काढून दुसरा पाहता येतो. रेडिओलॉजी समजण्यासाठी ते फारच उपयुक्त आहे. परंतु पडद्यावरचे शरीर एकच असते आणि माणसे एकसारखी नसतात. कोपरापासून तळहाताकडे जाणारा एक बारीक स्नायू काही जणांना जन्मतःच नसतो. पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी कुठून फुटते आणि पित्तनलिकेच्या कोणत्या बाजूने जाते, यात इतके प्रकार आढळतात की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत सर्जनने ती ओळखल्याशिवाय काही कापायचे नसते. मज्जातंतू कोणता आणि रिकामी झालेली नीला कोणती, हे बोटांना कळावे लागते. शेजारच्या टेबलावर वेगळे का दिसते, हा प्रश्न विद्यार्थ्याला पहिल्यांदा पडतो, तेव्हा त्याचे वैद्यक खऱ्या अर्थाने सुरू होते. करोनाकाळातल्या तुकडीने हे अनुभवले आहे: २०२० चे प्रवेश लांबून वर्ग २०२१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि बरेचसे शिक्षण पडद्यावरच उरकावे लागले. त्यात पहिल्या वर्षाचा अवधी १९९७ मध्येच दीड वर्षावरून एका वर्षावर आणलेला. देह हवेतच. प्रश्न फक्त ते कसे मिळवायचे, हा आहे.

आणि ते मिळतात, याचे पुरावे जवळच आहेत. पुण्यात १९५६ मध्ये पांडुरंग श्रीधर आपटे यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. कायद्याचा सारा भर बेवारसांवर असण्याच्या काळातली ही गोष्ट. बेळगावात २०१० मध्ये डॉ. महांतेश रामण्णवर या शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकांनी आपल्या वडिलांच्या, तेही वैद्यच, देहाचे विद्यार्थ्यांसमोर विच्छेदन केले, कारण वडिलांनी तशी इच्छा नोंदवून ठेवली होती. देहदानाचा प्रश्न विचारधारेच्या सीमा मानत नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. २०१० च्या जानेवारीत मार्क्सवादी ज्योती बसू यांचा देह कोलकात्याच्या रुग्णालयाला दिला गेला. पुढच्याच महिन्यात चित्रकूटला वारलेले संघाचे नानाजी देशमुख यांचा देह दिल्लीच्या एम्सला. सीताराम येचुरी यांचा देहही २०२४ मध्ये एम्सलाच गेला. तैवानमध्ये त्झु ची या बौद्ध संस्थेच्या महाविद्यालयात दात्यांना ‘मूक गुरू’ म्हणतात. विद्यार्थी आधी त्यांच्या कुटुंबीयांना भेटतात, जीवनकथा लिहितात, शेवटी अंत्यसंस्कारात सहभागी होतात. नाव नोंदवून मृताचा मान राखणे आपल्याला परके नाही. हेब्बाळमध्येच आठव्या शतकातला वीरगळ सापडला आहे, गावासाठी लढताना पडलेल्या किट्टय्याचा. त्याचे नाव साडेबाराशे वर्षे टिकले. आपल्या विच्छेदन कक्षात देहाला नाव नसते, क्रमांक असतो.

मग देहदान वाढत का नाही? धर्म आड येतो, असे सोपे उत्तर दिले जाते. मला अडचण अधिक कारकुनी वाटते. इच्छापत्र भरणारे बरेच असतात. मृत्यू मात्र रविवारी किंवा रात्री दोन वाजता येतो, आणि विभागाचा दूरध्वनी उचलायला कोणी नसते. मृत्यूचा दाखला कुठल्या नमुन्यात हवा, शववाहिका कोण देणार, जिल्ह्याच्या हद्दीबाहेर देह नेता येईल का, हे दुःखात असलेल्या कुटुंबाला कोणी सांगत नाही. नेत्रदान करूनही देहदान करता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते. मुलाने अखेरच्या क्षणी नकार दिला तर इच्छापत्राचा प्रत्यक्षात उपयोग होत नाही. या साऱ्यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. प्रत्येक महाविद्यालयात चोवीस तास देह स्वीकारण्याची व्यवस्था, राज्यभराची एकच नोंदवही आणि एकच क्रमांक, एका महाविद्यालयाकडे अधिक आलेले देह दुसऱ्याला देण्याची मुभा, विच्छेदनानंतर अवशेषांवर कुटुंबाच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार. मान्यता देताना राष्ट्रीय वैद्यकीय आयोग खाटा मोजतो, आता प्राध्यापकांची हजेरी चेहऱ्यावरून घेतो. दरवर्षी किती देह दानातून आले आणि किती बेवारस, हे दोन आकडे प्रत्येक महाविद्यालयाने जाहीर करावेत, एवढी अट घालायला त्याला हरकत नसावी. संक्रमणाच्या काळात बेवारस देह घ्यावेच लागले, तर ४८ तासांची मुदत पुष्कळ वाढवावी. शवागारांत आज शीतकपाटे आहेत आणि हरवलेल्या माणसांच्या नोंदी पोलिसांच्या देशव्यापी सीसीटीएनएस जाळ्यात आहेत. १९४९ मध्ये यांतले काही नव्हते.

कायदा बदलणे मात्र राज्यांच्याच हाती आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, वाशीम, हिंगोली ही त्यांतली काही. मोठ्या शहरातील महाविद्यालयांकडे देहदात्यांच्या संघटना आहेत, जुने ऋणानुबंध आहेत. या जिल्ह्यांतल्या नव्या विभागांकडे त्यांतले काही नाही, आणि रोजगारासाठी बाहेर पडणारी माणसे मात्र तिथूनच मोठ्या संख्येने जातात. नानाजी देशमुखांचे जन्मगाव कडोळी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांचा देह दिल्लीपर्यंत गेला, कारण त्यांनी तशी व्यवस्था १३ वर्षे आधी करून ठेवली होती. हिंगोलीच्या महाविद्यालयात तशी व्यवस्था उभी करायला विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचा वेळ पुरेल.