पहिली रायफल कोणती घ्यावी?

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल कमरेला खोचून जिन्यात दबा धरून बसणारा मुलगा प्रत्येक घरात एकदा तरी होऊन गेलेला असतो. बहुतेकांची ही हौस भाऊबीजेबरोबर संपते. काहींची मात्र वयाबरोबर वाढत जाते, आणि एके दिवशी हेच चिरंजीव गंभीर चेहऱ्याने विचारतात, "पहिली रायफल कोणती घ्यावी?"

अमेरिकेत हा प्रश्न विचारला तर उत्तर चटकन मिळते. तिथला शेतकरी मुलाच्या हाती आधी .२२ देतो. पुढे कोंबड्या आणि कोकरे पळवणाऱ्या कायोटीसाठी आणि हंगामात हरणासाठी एकच रायफल हवी असेल, तर .२४३ विंचेस्टरचे नाव घेतात. हे काडतूस १९५५ साली बाजारात आले आणि या दुहेरी कामासाठीच नावाजले गेले. तिथे हरणाच्या शिकारीचा हंगाम ठरलेला असतो आणि त्याचा परवाना रीतसर मिळतो. त्यामुळे तिथला सल्ला तिथे योग्यच आहे. आपल्याकडची मंडळी तो वाचतात आणि लक्ष्मी रस्त्यावर शालू निवडावा तशी रायफल निवडायला बसतात, इथेच घोटाळा होतो.

माझ्या भाच्याने परवा हाच प्रश्न विचारला, पण तो हौसेपोटी नव्हे. भाचा हिंजवडीत नोकरीला. माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान ओतूरजवळ शेती करतात. शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते. मग पंप चालू करायला ताई कंदिलाऐवजी आता बॅटरी घेऊन उसाच्या कडेने जाते. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली. "मामा, आईला काही झाले तर?" असे तो म्हणाला, तेव्हा मला थट्टा सुचली नाही. पैसे त्याने साठवले होते. "बिबट्यासाठीही चालेल आणि कधी हरणाच्या मागेही जाता येईल अशी एखादी सांगा," एवढेच त्याचे मागणे होते.

हरणाची गोष्ट आधी संपवू. एके काळी या राज्यात शिकारीचे परवाने मिळत. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी कायदा, मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अशी बंधने वाढत गेली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दार बंदच झाले. काळवीट, चिंकारा आणि बिबट्या आज पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. शिवाय कायद्याने 'शिकार' म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. सापळा लावणे, हाकारा करणे आणि नुसता तसा प्रयत्न करणे हेही त्यातच येते. तेव्हा हरणासाठी रायफल हा विषय इथेच मिटला. हरीण पाहायचेच असेल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच १९९७ मध्ये झाले आहे. चांगली दुर्बीण घ्यावी आणि पहाटे तिथे जावे. दुर्बिणीला परवाना लागत नाही.

आता बिबट्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. पीकरक्षणासाठी हा कायदा मुळात ठासणीची बंदूक देऊ करतो. ती अपुरी आहे असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतो. .२२ ची रायफल किंवा हवेची रायफल देतो ती रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणाच्या सरावासाठी. याहून मोठ्या रायफलीसाठी सबळ कारण दाखवावे लागते. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ आपल्याकडे ओळखीची आहे, ती याच कारणाने. लष्करी .३०३ सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. आणि हे सारे सोपस्कार उरकून रायफल घरी आली, तरी तिच्याबरोबर बिबट्यावर गोळी झाडण्याची परवानगी येत नाही. ती परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानेच मिळते. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले, तर कायदा तो गुन्हा धरत नाही, एवढी सवलत मात्र आहे. रानडुक्कर पीक नासत असेल तर तिथेही आधी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. रायफलीच्या नळीत आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. साधी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, मोठीची तर कितीतरी पुढे. दीड पुरुष उंच उसात, रात्री, बॅटरीच्या उजेडात दिसलेल्या दोन डोळ्यांवर गोळी झाडायची, आणि त्या डोळ्यांच्या मागे कोणाची वस्ती आहे हे ठाऊक नाही! बरे, ते डोळे बिबट्याचेच कशावरून? वासराचेही असतील. जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या तर धड बिबट्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी त्याच उसात तोडणीवाल्या बाया कोयते घेऊन उतरायच्या असतात.

शिवाय एक बिबट्या हलवला म्हणजे संकट टळले असे होत नाही, हे जुन्नरनेच शिकवले आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याची पिल्ले जन्मू लागली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ वर गेली. जनावर आपली जागा सोडते, बिथरते, आणि रिकाम्या जागेत दुसरे येते. नरभक्षक ठरलेल्याची गोष्ट निराळी. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला त्याला गोळी घालावी लागली. तिथले लोक मानेला खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जात होते, इतकी दहशत होती. पण ती गोळीही शासनाच्या आदेशाने, पथकातल्या निष्णात नेमबाजांनी घातली. ते काम सुट्टीला गावी आलेल्या पुतण्या-भाच्यांचे नव्हे.

मग ताईचे काय? साठवलेल्या पैशांतून पहिला खर्च गोठ्याचा. चारी बाजूंनी आणि वरूनही बंद, दाराला कडी. दुसरा खर्च घरापासून पंपापर्यंतच्या दिव्यांचा, आणि लांबून चालू-बंद करता येणाऱ्या स्टार्टरचा. म्हणजे रात्री उसाकडे जाण्याची वेळच कमी येईल. जायचेच झाले तर दोघांनी, बोलत, हातात काठी घेऊन जावे. उसाला लागून वाकून किंवा बसून काम करू नये, कारण खाली बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावर वाटते. तिन्हीसांजेनंतर मुलांना अंगणात एकटे ठेवू नये. उष्टे-खरकटे घराजवळ टाकू नये, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अकोले तालुक्यातल्या पाहणीत त्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. आणि गावाने मिळून दिवसा विजेची मागणी लावून धरावी. माझ्या मते या एका गोष्टीने जेवढे जीव वाचतील, तेवढे दहा रायफलींनी वाचणार नाहीत.

एवढे झाल्यावर भाच्याची हौस उरली, तर तिलाही वाट आहे, आणि ती पुण्यातच आहे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची उत्तम रेंज आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. पहिली रायफल घ्यायची ती ४.५ मिलिमीटरची, म्हणजे .१७७ ची, हवेची. २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची असेल तर परवाना लागत नाही, मात्र दुकानदार ओळखपत्र पाहून नोंद ठेवतो. ती कबुतरे टिपायला वापरू नये, कारण पाखरांनाही तोच कायदा लागू आहे.

घेण्याची घाई करू नये. आधी सहा महिने क्लबच्या रायफलीवर शिकावे. आपला कोणता डोळा प्रमुख आहे ते पाहावे. दोन्ही हातांच्या पंजांत लहानशी फट ठेवून लांबची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू जागची हलत नाही तो प्रमुख. दस्ता खांद्याला बसतो का, चापापर्यंत बोट ताण न देता पोचते का, तासभर वजन पेलते का, हे नावाजलेल्या कंपनीच्या छापापेक्षा महत्त्वाचे. आणि पहिल्या दिवसापासून चार नियम पाळावेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कोणाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत चापावर बोट न्यायचे नाही, आणि निशाणाच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

हा मुलांचा खेळ आहे असे मात्र समजू नका. दहा मीटरवरच्या निशाणाचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे पुण्यात रेल्वेचे तिकीट तपासनीस होते. त्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. दोघांनीही त्यासाठी एकही हरीण मारले नाही.

भाच्याने गोठ्याचे माप घेऊन ठेवले आहे. या दिवाळीत ताईकडे फराळाला जाताना आम्ही कडीकोयंडा आणि दिव्यांची वायर घेऊन जाणार आहोत. रेंजचा अर्ज तो पाडव्यानंतर भरेल.