समाजशास्त्र शिकून काय होणार?



बारावीचा निकाल लागला की परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावातही घरोघर एकच खल सुरू होतो. मुलीने कला शाखेत जाऊन समाजशास्त्र हा विषय घेण्याचे मनात आणले, तर वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. ‘आपला समाज काय आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तो पैसे भरून शिकायचा?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी शिक्षणाचा खर्च ऊसतोडीच्या उचलीतून भागतो. तेव्हा त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य होणार नाही.

समाज ठाऊक असणे आणि तो दाखवून देता येणे यांत फार अंतर आहे. भैरवनाथाच्या यात्रेत कोणता मान कोणाकडे, पाण्याची सोय कोणत्या वस्तीला आधी पोहोचली, कोयता घेऊन बाहेर पडतात ते कोणत्या आळीतले आणि मुकादम होतात ते कोणत्या, मुलीची शाळा कितव्या इयत्तेत सुटते, हे सारे तुम्ही रोज पाहता. समाजशास्त्राचा विद्यार्थी तेच घरोघर जाऊन विचारतो, मोजतो, नोंदतो आणि नाकारणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागेल अशा रीतीने कागदावर मांडतो. आमच्या वकिली व्यवसायात या कागदाची किंमत रोज कळते.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला तो मुख्यतः अर्थशास्त्रासाठी. पण त्याच्या जोडीला त्यांनी समाजशास्त्राचाही अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न होऊ न देणे हेच जातीचे मर्म होय, हा त्याचा सिद्धान्त. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ साली! पुढे डॉ. घुर्ये यांचा जातीवरील ग्रंथ १९३२ साली आला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे यांनी मोठे काम केले. त्यांची विद्वत्ता कोणी नाकारणार नाही. परंतु दीर्घकाळ आपल्या वस्तीविषयी लिहिणारे बाहेरून येत राहिले व वस्तीतील माणूस केवळ उत्तरे देणारा राहिला. पुणे विद्यापीठात शिकविणाऱ्या शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचे साधन म्हणून पुढे ठेवले, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आता लिहिणारी लेखणी त्या वस्तीतूनच यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

याचा तुमच्या हक्कांशी संबंध काय, ते पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्यात शिखांचा पूर्णपणे समावेश झाला; बौद्धांना मात्र केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. धर्मांतराने माणसाची सामाजिक व आर्थिक स्थिती आपोआप पालटत नाही, हा त्या दुरुस्तीमागचा विचार होता. हे विधान कायद्याचे नसून समाजशास्त्राचे आहे. उद्या कोणी त्यावर आक्षेप घेतला, तर त्याला घोषणेने नव्हे, गावोगावच्या पाहणीने उत्तर द्यावे लागेल. २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचे ठरले आहे. ते आकडे वाचता येणारी माणसे आपल्याकडे किती असतील?

आता भाकरीचा प्रश्न. केवळ बी. ए. च्या पदवीवर नोकरी दारी चालत येत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. जो कोणी याउलट सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पुढची वाट धरावी लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याला ५०० गुण आहेत आणि उत्तरे मराठीतून लिहिता येतात. प्राध्यापक होण्यासाठी एम. ए. नंतर नेट वा सेट द्यावी लागते. नेटसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवारास एम. ए. ला ५० टक्के गुण पुरतात. समाजकार्याकडे ओढा असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आपल्याच जिल्ह्यात, तुळजापुरास आहे. मुंबईत १९३६ साली निघालेल्या या संस्थेचे नाव देशभर आहे, पण आपल्या कित्येक घरांना ती एवढ्या जवळ आहे याचा पत्ता नसतो. संशोधन करू इच्छिणाऱ्यास पुण्याच्या ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे. आणि ज्याला आमच्या व्यवसायात यायचे आहे त्याला पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम मोकळा आहेच. समाजशास्त्र शिकून आलेला वकील अत्याचाराचा खटला अधिक डोळसपणे चालवील, असे आमचे मत आहे.

खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांच्या आत हवे. येथे नवदीक्षित कुटुंबे एका ठिकाणी अडखळतात. ‘जात सोडली, मग दाखल्यावर तिचे नाव कशाला?’ असे मानी मनाला वाटते, आणि ते वाटणे आम्हांस समजते. परंतु केंद्राच्या यादीत नावे जातींची आहेत, धर्माची नाहीत. दाखल्यावर पूर्वीच्या जातीचा उल्लेख म्हणजे तिचा स्वीकार नव्हे. जो अन्याय झाला त्याची ती नोंद आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हेच लिहावे, त्याने हक्क जात नाही.

जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता, त्यामुळे जुने महसुली कागद पुष्कळदा उर्दूत सापडतात. ते तहसिलीतून आताच काढून जाणत्याकडून वाचून घ्यावेत, आजोबांच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा मागावा, आणि हे काम मुलगी अकरावीत असतानाच उरकावे. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते होत नाही.