काळी बाहुली

गेल्या आठवड्यात आम्ही जालन्याच्या बाजारातून भाचीसाठी बाहुली आणली. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची. सहा वर्षांची पोर हरखून म्हणाली, "मामा, ही किती छान! माझ्यासारखी काळी नाही." घरचे हसले. आम्हाला हसू आले नाही. पदरचे पैसे मोजून आम्ही लेकराला हा कोणता धडा आणून दिला?

हाच प्रश्न अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींना पडला होता. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तिथेच पुढे या दोघांनी डॉक्टरेट मिळवली. १९४० च्या आसपास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरीला चांगली म्हटले. "तुझ्यासारखी कोणती?" असे विचारताच काही लेकरे रडत निघून गेली. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला आहे.

आज त्याच देशात कृष्णवर्णीय भगिनी लोकरीच्या बाहुल्या घडवतात. खाचा असलेली सुई लोकरीत पुन्हा पुन्हा टोचायची. तंतू एकमेकांत गुंततात, लोकर घट्ट होते आणि विणल्याशिवाय आकार येतो. काळा चेहरा, रुंद नाक, जाड ओठ, कुरळे केस. ज्याची चेष्टा झाली, तेच त्या मानाने घडवतात.

आपल्या शेजारी कर्नाटकातही हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांची 'कवंदी', म्हणजे गोधडी शिवतात. चारही कोपऱ्यांना कापडाचे फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. चिंध्यांचीच गोधडी, पण तिचाही मान राखायचा!

हे सारे आम्ही घरी सांगितले. आईने काही न बोलता जुन्या काळ्या घोंगडीचा तुकडा काढला, आत चिंध्या भरल्या, पांढऱ्या दोऱ्याने डोळे काढले आणि निळ्या लुगड्याचा काठ नेसवला. पोरीने बाहुली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "ही आजीसारखी दिसते." रात्री दोन्ही बाहुल्या तिच्या उशाशी होत्या.

माय-बहिणींनो, बाहुली घरी होते, खर्च काही नाही. अवघड आहे ते पुढचे. "पोरगी काळी आहे, पण नाकीडोळी नीटस," असे आपणच म्हणतो. वधू-वर सूचनांत 'गोरी मुलगी पाहिजे' असे आपलेच लोक लिहितात. जन्माने माणूस हलका ठरवू नये म्हणून आपण लढलो. मग जन्माच्या रंगावरून आपल्याच लेकीला हलके का ठरवावे? त्या वाक्यातला 'पण' आधी आपल्या घरातून घालवू या. सुरुवात आम्ही आमच्या घरापासून केली आहे.