साडेतीन गिझरचा गिअरबॉक्स

'टोइंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? नो-पार्किंगमधून बाईक उचलून नेणारा ट्रॅफिकवाल्यांचा टेम्पो, आणि त्याच्या मागे "साहेब, साहेब" करत धावणारा आपलाच कुणीतरी मित्र! दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मलाही याच्यापलीकडचं टोइंग माहीत नव्हतं.

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो. तिकडे लोक गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर जोडतात आणि सुट्टी लागली की निघतात. बेड, गॅस, फ्रिज, पाण्याच्या टाक्या सगळं त्यात. दादाने पण हौसेने एक सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली, ऑटोमॅटिक, आणि मागे सव्वादोन टनाची कॅरॅव्हॅन. माहितीपत्रकात छापलेलं, टोइंग क्षमता ३००० किलो. म्हणजे हिशेबाने पाऊण टन शिल्लकच! तिसऱ्याच ट्रिपला गिअरबॉक्स गेला. इंजिन ठणठणीत, टर्बो ठणठणीत, आणि गिअरबॉक्स जळका वास मारत रस्त्याच्या कडेला. बिल किती आलं ते त्याने मावशीला अजून सांगितलेलं नाही, म्हणून मीही इथे छापत नाही.

त्याने फोन केला. "काय रे, तू मेकॅनिकलला ना? गॅरेजवाला म्हणतोय ट्रान्समिशनचा कूलर मोठा बसवू. बसवू का?"

मी म्हणालो, "बघून सांगतो दादा."

बघून सांगतो! आदल्याच सेमिस्टरला टॉर्क कन्व्हर्टरवर आठ मार्कांचा प्रश्न लिहून आलो होतो. सुबक आकृती, इम्पेलर, टर्बाइन, स्टेटर, फायदे चार, तोटे तीन. तोट्यांतली पहिली ओळ तुम्हालाही पाठ असेल: 'कार्यक्षमता कमी'. दोन शब्द, अर्धा मार्क. पण ती कमी झालेली कार्यक्षमता जाते कुठे, हे मी लिहिलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. दादाचा गिअरबॉक्स त्या दोन शब्दांत जळला.

मग रात्री मेसमधून आल्यावर जर्नलच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून ४६०० किलो धरा. सहा टक्क्यांचा चढ, वेग ताशी ६० किमी. नुसतं वजन वर चढवायलाच ४५ किलोवॅट लागतात. टायरचं रोलिंग आणि कॅरॅव्हॅनच्या सपाट तोंडावरचा वारा मिळवला की इंजिनाकडून सुमारे ७० किलोवॅट हवेत. कॅरॅव्हॅन नसती तर याच्या निम्मे पुरले असते.

आता हे ७० किलोवॅट जातात कशातून? टॉर्क कन्व्हर्टरमधून. तिथे क्लचसारखी पकड नाही. एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. (ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरची, १९०५ च्या पेटंटमधली, आणि तीही जहाजांसाठी!) दोन पंख्यांच्या वेगात जो फरक राहतो तो 'स्लिप'. सपाट रस्त्यावर आतला लॉक-अप क्लच बसतो, दोन्ही पंखे एक होतात आणि स्लिप संपते. पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला, कॉम्प्युटरला जास्त टॉर्क हवा असं वाटलं, की तो लॉक सोडतो. समजा अशा वेळी कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. परीक्षेत ८५ म्हणजे डिस्टिंक्शन! इथे ७० चे १५ टक्के म्हणजे साडेदहा किलोवॅट, सगळे तेलात. आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममधला गिझर ३ किलोवॅटचा असतो. म्हणजे साडेतीन गिझर एकाच वेळी चालू, आणि त्यांच्यात पाणी नाही, गिअरबॉक्सचं तेल.

तेल किती? साधारण १० लिटर, म्हणजे साडेआठ किलो. विशिष्ट उष्मा पाण्याच्या निम्म्याच्या आसपास. आकडे टाकून बघा. काहीच कूलिंग नसेल, आणि केसिंगच्या धातूने शोषलेली उष्णता सोडून दिली, तर तेल ९० अंशांवरून १२० वर जायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. असं तेल ८० ते ९५ अंशांत सुखाने राहतं. त्याच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं, असा ढोबळ नियम आहे. १२० च्या पुढे ते वेगाने सडायला लागतं, अजून वर गेलं की सील कडक होतात, क्लच प्लेट काचेसारख्या गुळगुळीत होऊन घसरतात, आणि घसरल्या की आणखी उष्णता. ॲडलेडहून पूर्वेला निघालं की शहर संपतं न संपतं तोच माउंट लॉफ्टीचा डोंगर चढावा लागतो, मिनिटं मोजत. उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असतात ते वेगळेच.

डिझेलचा घोटाळा असा की गाडीला त्रास होतोय हे चालवणाऱ्याला कळतच नाही. पेट्रोल इंजिन चढावर ओरडतं. डिझेलला खालच्या आरपीएमलाच भरपूर टॉर्क, त्यामुळे ते १८०० वर वरच्या गिअरमध्ये शांतपणे ओढत राहतं. आत कन्व्हर्टर मात्र घुसळत असतो. आणि डॅशबोर्डवर जो तापमानाचा काटा आहे तो इंजिनच्या पाण्याचा! गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच. दादाचा काटा शेवटपर्यंत बरोब्बर मध्यावर होता.

माझा रूम पार्टनर इलेक्ट्रिकलचा. तो सगळं ऐकून म्हणाला, "मग प्रॉब्लेम काय? मोठा कूलर लाव, विषय संपला. आमच्या ट्रान्सफॉर्मरला नाही का रेडिएटर असतात?"

खरं सांगू, माझा सगळा मुद्दा त्या ट्रान्सफॉर्मरमध्येच सापडला. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर दोन-दोन रेटिंग असतात: पंखे बंद असताना इतकं, पंखे चालू असताना इतकं. तेल आणि वाइंडिंग किती अंश तापू द्यायचं तेही तिथेच लिहिलेलं. म्हणजे त्यांनी केव्हाच मान्य केलंय की यंत्राची क्षमता म्हणजे उष्णता बाहेर टाकायची क्षमता. आणि आमच्या गाडीच्या माहितीपत्रकावर? '३००० किलो'. किती चढावर, किती तापमानाला, एसी चालू की बंद, काही नाही. माझ्या मते हा आकडा अर्धवट आहे आणि असा छापायला परवानगीच नसावी.

हे शक्य नाही असंही नाही. अमेरिकेत एसएईने २००८ मध्ये जे-२८०७ नावाचं स्टँडर्ड काढलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवायची आणि दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा छापायची. या स्टँडर्डमधली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढावर बेतलेली आहे. जवळजवळ १८ किलोमीटरचा घाट, ९०० मीटरच्या आसपास चढ, म्हणजे आपल्या बोरघाटाच्या दीडपट. बाहेर निदान ३८ अंश, एसी फुल, मागे पूर्ण वजन, आणि साध्या पिकअपचा किंवा एसयूव्हीचा वेग ताशी ६४ किमीच्या खाली जाता कामा नये. वर पोचल्यावर काही मोडलेलं चालत नाही, वॉर्निंगचा दिवा लागलेला चालत नाही. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ही पद्धत सगळ्यांत आधी घेतली, तेव्हा त्यांच्या टुंड्रा पिकअपचे छापील आकडे खाली आले. गाडी तीच होती! बाकीच्या मोठ्या कंपन्यांना यायला आणखी काही वर्षं लागली. ते स्टँडर्डही ऐच्छिकच, पण निदान आकड्याच्या मागे एक घाट तरी उभा आहे.

आता कूलर. मी कूलरच्या विरोधात नाही, 'कूलर लावला की झालं' याच्या विरोधात आहे. मुळात कूलर असतोच. तेल रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि इंजिनच्या पाण्याला उष्णता देतं. पण चढावर ते पाणी स्वतःच तापलेलं असतं. म्हणून पुढे हवेवर चालणारा जादा कूलर लावतात. लावायचा कुठे? ग्रिलच्या मागे. तिथे आधीच एसीचा कंडेन्सर, टर्बोचा इंटरकूलर आणि रेडिएटर लोकलमधल्या फोर्थ सीटसारखे दाटीवाटीने बसलेले. पहिल्याने तापवलेली हवा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. अवाढव्य कूलर पुढे लावून गिअरबॉक्स वाचवायचा आणि रेडिएटर उकळवायचा, याला काय अर्थ आहे?

उलटही होतं. काही जण रेडिएटरमधला एक्स्चेंजर पूर्ण वगळतात. त्यामागे एक रास्त भीती आहे: एक्स्चेंजर आतून फुटला तर कूलंट तेलात मिसळतं, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी काला होतो आणि गिअरबॉक्स कामातून जातो. पण थंडीत तेल तापायलाही तोच एक्स्चेंजर मदत करतो. तेल गार असेपर्यंत बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर लॉक-अप बसवतच नाही. म्हणजे तेल जास्त थंड ठेवलं म्हणून स्लिप, आणि स्लिप म्हणून पुन्हा डिझेल जास्त! अशा कूलरला थर्मोस्टॅट लागतो, हे त्या गॅरेजवाल्याने दादाला सांगितलंच नव्हतं.

शेवटी दादाला मी जे सांगितलं ते आठ मार्कांत बसणारं नव्हतं. आधी मोज. शंभर-दीडशे डॉलरच्या कूलरच्या आधी गाडीच्या ओबीडी पोर्टला लावायचा स्वस्त स्कॅनर घे आणि तेलाचं तापमान फोनवर बघ. चढाच्या आधीच गिअर हाताने एक खाली घे. आरपीएम वाढतील, आवाज येईल, येऊ दे. त्या गिअरमध्ये लॉक टिकला तर साडेतीनातले निदान दोन गिझर बंद होतात. निघताना कॅरॅव्हॅनच्या दोन्ही टाक्या भरून नेऊ नकोस, ते दीड-दोनशे किलो पाणी डोंगरापलीकडे पण मिळतं. एवढं करून तापमान चढत राहिलं तर कूलर घाल, थर्मोस्टॅटवाला, बेताच्या आकाराचा. त्याने शेवटी सगळंच केलं, कूलरसकट. आता त्या चढावर तेल शंभरच्या आसपास थांबतं, आणि तो दर ट्रिपला मला स्क्रीनशॉट पाठवतो.

तुम्ही म्हणाल, हे ऑस्ट्रेलियाचं झालं, आपण कुठे कॅरॅव्हॅन ओढतोय? बरोबर आहे. पण स्टाफ पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, ऑटोमॅटिक गाड्या किती आहेत ते मोजा. आणि आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला उपाय कोणता? दोरी! ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतल्या गिअरना तेलच नाही. अशी गाडी दोरीने कोसभर ओढली तर कुठलाही कूलर वाचवणार नाही. सर, फ्लॅटबेड मागवा. पोरांना ढकलायला बोलावलंत तर आम्ही येऊ, पण चहा लागेल.

आपल्या ऑटोमोबाइल लॅबमध्ये खिडकीखाली एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पडलेला आहे. लाल-पिवळा रंग दिलेला, कन्व्हर्टर कापून आतले पंखे दाखवलेले. आम्ही सगळ्यांनी त्याची आकृती काढली आहे. त्याच्या केसिंगवर बाजूला दोन गोल जागा आहेत, रंगाने पार बुजलेल्या. तीन वर्षांत एकानेही विचारलं नाही की त्या कशाच्या. तेल कूलरकडे जायची आणि परत यायची ती भोकं. गेल्या आठवड्यात लॅबच्या काकांकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. काका म्हणाले, "रंग खरवडायचा तर आधी एचओडींची सही आण." अर्ज दिला आहे.