आकड्यांचे राज्य आणि आठवणींचे बळ

भ्रष्ट सरकार म्हटले की लाचलुचपत, वशिलेबाजी आणि सार्वजनिक पैशाचा अपहार एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतील सरकार याहून खोलवर भ्रष्ट आहे. ते नागरिकांची स्मृतीच लुटते. ही कादंबरी जून १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जानेवारी १९५० मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, लेखक क्षयाने निवर्तले. कादंबरी लिहिली जात होती तेव्हा महायुद्ध जिंकलेल्या ब्रिटनमध्येही शिधावाटप चालूच होते. युद्धकाळात खुला असलेला पावदेखील १९४६ ते १९४८ या काळात नियंत्रणाखाली आला होता. या भविष्यकथेतील टंचाई इतकी खरी वाटते ती त्यामुळेच.

कथानायक विन्स्टन स्मिथ हा ‘सत्य मंत्रालया’तील एक साधा कर्मचारी. जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर सरकारच्या सोयीने बदलणे, ही त्याची नोकरी. चॉकलेटचा शिधा घटणार नाही, असे आश्वासन सरकारने दिलेले असते. तो ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येतो, तेव्हा ते आश्वासनच बदलले जाते. आणि शिधा २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्या’बद्दल आभार मानणारे मोर्चे निघाल्याची बातमी दुसऱ्याच दिवशी ऐकवली जाते. बुटांच्या उत्पादनाचा अंदाज असतो १४ कोटी ५० लाख जोडांचा. प्रत्यक्ष उत्पादन दाखवले जाते ६ कोटी २० लाख. विन्स्टन जुना अंदाजच ५ कोटी ७० लाखांवर आणतो आणि उद्दिष्ट पार पडते. अनेकांचे पाय मात्र अनवाणीच राहतात.

यात अतिशयोक्ती आहे, असे म्हणणाऱ्यांनी इतिहासाकडे पाहावे. सोव्हिएत रशियात जानेवारी १९३७ मध्ये झालेल्या शिरगणतीत लोकसंख्या राज्यकर्त्यांच्या अपेक्षेपेक्षा कित्येक लाखांनी कमी भरली. दुष्काळात मेलेली माणसे कागदावर जिवंत होत नव्हती. तेव्हा ते आकडे दडपण्यात आले, प्रमुख अधिकाऱ्यांना अटक झाली, काहींना गोळ्या घालण्यात आल्या आणि १९३९ मध्ये नवी शिरगणती घेण्यात आली.

अशा सत्तेला विरोध करायचा तो कशाच्या आधारे? कादंबरीतील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग याचे उत्तर देतो, आणि तोही चॉकलेटचाच आहे. बालपणीच्या उपासमारीत विन्स्टनने आपल्या आजारी बहिणीच्या हातातला तुकडा हिसकावून पळ काढलेला असतो. आईपाशी देण्यासारखे काहीच उरलेले नसते. ती त्या लेकराला फक्त जवळ घेते. तो परततो तेव्हा दोघीही नाहीशा झालेल्या असतात. त्या मिठीने भूक भागली नाही, मृत्यूही टळला नाही. परंतु तिची नोंद कोणत्याही मंत्रालयाला पुसता आली नाही. जूलियावरील त्याच्या प्रेमाचे आणि सत्तेविरुद्धच्या बंडाचे मूळ अशा आठवणींत आहे.

अखेरीस विन्स्टन हरतो. छळापुढे तो जूलियाचाही घात करतो. म्हणून प्रतिकार व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तो हरला, कारण त्याच्या आठवणीला दुसरा साक्षीदार उरला नव्हता. त्याच्या रोजनिशीला वाचक नव्हता. स्वतंत्र सांख्यिकी, निर्भय वृत्तपत्रे, न बदलता येणारी दप्तरे आणि मोकळेपणाने बोलणारे शेजारी यांचे मोल येथे कळते.

असत्याचे राज्य चालवायलाही कोणाला तरी आकडा खोडावा लागतो, कोणाला तरी तो वर्गात शिकवावा लागतो. लेखणी हाती असलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे. काल ३० असलेला आकडा ३० होता, एवढे लिहून ठेवणे हेही कधीकधी मोठ्या धैर्याचे काम असते.