विमानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

दिवाळीच्या सुट्टीत जयपूर पाहून झालंय. आमेरचा किल्ला चढून पाय दुखतायत, लाखेच्या बांगड्या हातातल्या पिशवीत जपून ठेवल्यात आणि तुम्ही सांगानेरच्या विमानतळावर परतीच्या विमानाची वाट पाहत बसला आहात. काचेपलीकडे विमान उभं आहे. नातू विचारतो, "आजोबा, हे विमान कुणाचं?" तुम्ही शेपटीवरचं नाव वाचून दाखवता.

हे उत्तर बहुधा चुकीचं असतं! शेपटीवरचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. गाळा मालकीचा की भाड्याचा, हे पाटीवरून कळत नाही. भारतातल्या विमान कंपन्यांची बहुतेक विमानं भाड्याची आहेत. त्यांचे मालक आयर्लंडसारख्या दूरच्या देशांत असतात. मग प्रश्न पडतो, की भाडं थकलं तर मालकाने आपलं विमान परत न्यायचं कसं?

जमिनीचं सोपं, आकाशाचं अवघड

शेतावर कर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढतो. गाडी कर्जावर घेतली की आरसी बुकात बँकेचं नाव येतं. घेणारा कागद पाहतो आणि सावध होतो. पण शेत जागचं हलत नाही. विमान सकाळी जयपूरला, दुपारी दुबईला असतं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. शिवाय इंजिन काढून दुसऱ्या विमानाला लावता येतं. त्यामुळे विमान एका मालकाचं आणि त्याचं इंजिन दुसऱ्याचं, असंही घडतं.

यावर उपाय म्हणून १६ नोव्हेंबर २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला केप टाउन करार म्हणतात. विमानांसाठी त्याला वेगळी पुरवणी जोडलेली आहे. या कराराने जगासाठी एकच नोंदवही सुरू केली. ती संगणकावर चालते आणि तिचा कारभार आयर्लंडमधल्या डब्लिनहून होतो. विमानावर किंवा इंजिनावर कुणाचा हक्क आहे, हे कारखान्याने दिलेल्या क्रमांकावरून तिथे नोंदवता येतं. नियम साधा आहे : ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी. आकाशातला सातबाराच म्हणा ना!

दुसरी सोय म्हणजे एक अधिकारपत्र. या व्यवसायात त्याला 'इडेरा' म्हणतात. विमान घेतानाच कंपनी मालकाला लिहून देते, की हप्ते थकले तर तुम्ही विमानाची भारतातली नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर नेऊ शकता. एकदा दिलेलं हे पत्र कंपनीला एकतर्फी मागे घेता येत नाही.

सही झाली, कायदा राहिला

भारत २००८ मध्ये या करारात सामील झाला. पण आपल्याकडे करारावर सही केली म्हणजे तो न्यायालयात आपोआप कायदा ठरत नाही. त्यासाठी संसदेचा कायदा लागतो. तो बरीच वर्षं झालाच नाही. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, तेव्हा विमानं परत मिळवताना मालकांची दमछाक झाली. त्यानंतर नियमांत दुरुस्ती झाली : इडेरा दाखवली की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पाच कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द करायची.

या नियमाची खरी कसोटी लागली मे २०२३ मध्ये. मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ मेपासून तिची उड्डाणं थांबली. मालकांनी भाडेकरार रद्द केले, नोंदणी रद्द करण्याचे अर्ज दिले. पण १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि त्याबरोबर स्थगिती आली. स्थगिती म्हणजे कंपनीच्या ताब्यातली कोणतीही वस्तू कुणी उचलून न्यायची नाही.

यात कंपनीची बाजूही समजून घ्या. आजारी कंपनीला श्वास घ्यायला उसंत मिळावी, म्हणून ही स्थगिती असते. विमानंच गेली तर विमान कंपनीत उरलं काय? आणि तिच्याबरोबर हजारो कर्मचाऱ्यांचे पगारही जातात. दुसरीकडे मालक म्हणत होते, की विमानं उभ्या उभ्या खराब होतायत आणि भाडं शून्य.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा आदेश दिला. म्हणजे पाच दिवसांच्या कामाला जवळजवळ एक वर्ष लागलं. गो फर्स्ट मात्र पुन्हा उडाली नाही.

अखेर एप्रिल २०२५ मध्ये संसदेने 'विमान वस्तूंमधील हितसंबंध संरक्षण' कायदा मंजूर केला आणि करार देशाचा कायदा झाला. आता मालक आणि कंपनी या दोघांनाही हिशेब ठाऊक आहे. भारताने करारात दोन महिन्यांची मुदत निवडली आहे. तेवढ्यात थकबाकी भरा, नाहीतर विमान द्या. आणि तोवर विमान नीट सांभाळा. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार, विमानाच्या वापरावरचे सरकारी कर आणि दुरुस्ती करून विमान ताब्यात ठेवणाऱ्याची मजुरी या देण्यांनाही भारताने संरक्षण ठेवलं आहे.

यात तुमचं काय?

एक तर भाडं. विमान परत मिळण्याची खात्री नसेल, तर मालक जास्त भाडं लावतो आणि त्याचा भार शेवटी तिकिटावर येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वरच्या यादीत प्रवासी नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मालकाला विमान परत मिळतं. तिकीट काढलेला माणूस मात्र बाकीच्या देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. म्हणून एवढं करा :

• महिनोन्‌महिने आधी काढायचं तिकीट क्रेडिट कार्डाने काढा. सेवा मिळाली नाही, तर बँकेकडे रक्कम परत मागण्याचा मार्ग असतो.
• प्रवास विमा घेताना 'कंपनी बंद पडली तर?' हा प्रश्न विचारा आणि उत्तर पॉलिसीत वाचा.
• कंपनी दिवाळखोरीत गेलीच, तर दावे मागवणारी जाहीर सूचना निघते. मुदतीत दावा भरा. तिकीट आणि पैसे भरल्याची पावती मोबाइलमध्ये जपून ठेवा.

तर सांगानेरला विमानात चढताना दाराच्या आतल्या चौकटीकडे एकदा पाहा. अनेक विमानांत तिथे एक लहानशी धातूची पट्टी असते. तिच्यावर खऱ्या मालकाचं नाव कोरलेलं असतं. नातवाला ते वाचायला सांगा. पण पटकन, कारण मागे रांग खोळंबलेली असते!